अकरा दिवस बसलेली पूजा

आमच्या खोलीला संडास नव्हता, पण त्यासाठी एक वेगळी छत्री होती. काळी, लांब दांड्याची, एक काडी मोडलेली. पावसात भिजत गेलात तरी चालेल, पण ती छत्री कोणी बाजारात न्यायची नाही, असा आईचा नियम होता. पांढुर्ण्याच्या ज्या जिनिंगमध्ये बाबा मिस्त्री होते, तिच्याच आवारात, सरकीच्या गोदामाला पाठ लावून आमच्या दोन खोल्या होत्या आणि आवाराच्या टोकाला बायांसाठी एक संडास. कापूस निवडणाऱ्या तीसेक बाया, आई आणि मी, सगळ्यांना मिळून तो एकच. त्याला पूर्वी दार होतं. मी अकरावीत असताना एक दिवस ते बिजागऱ्यांसकट काढून नेलं. मालकांचं म्हणणं असं की बाया आत जाऊन बसतात, मोबाइल पाहतात, कामाचा वेळ जातो. मोबाइल तर कापसाला आगीची भीती म्हणून गेटवरच जमा करून घेत, त्यामुळे बाया आत नेमकं काय पाहत असतील हे कोणी विचारलं नाही. तेव्हापासून आम्ही आत बसून, छत्री उघडून, दोन्ही हातांनी समोर धरायचो. वारा आला की छत्री बाहेर जायला बघायची आणि आपण तिला आत ओढायचं. त्या वर्षी मी शाळेत पाणी पिणं सोडून दिलं. बायोलॉजीच्या मॅडम दिवसाला आठ ग्लास पाणी प्या म्हणून सांगत, तेव्हा मी ते वहीत नीट लिहून घ्यायची.

मालकांना सगळे दादासाहेब म्हणत. मालक म्हटलेलं त्यांना आवडत नसे. ‘मी मालक नाही, मी या फॅमिलीचा मोठा भाऊ,’ असं ते दर पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली सांगत आणि मग मला पुढे बोलावत. माझ्या इंग्लिश मीडियम शाळेच्या कमिटीवर ते होते, माझी ॲडमिशन त्यांनीच करून दिली होती. म्हणून मी दर वर्षी पाच मिनिटं इंग्रजीत भाषण करायची, विषय ‘अवर फॅक्टरी, अवर फॅमिली’. समोर बसलेल्या कोणालाच ते कळत नसे, ही माझी मोठी सोय होती. एरवी मी चार माणसांत तोंड उघडत नसे. हंगाम सुरू झाला की आमच्या घरात कोणीच फारसं बोलत नसे म्हणा, कारण ऐकूच येत नसे. रेचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं, सुरू झाली की भांड्यांच्या फळीवरचे पेले एकमेकांवर थरथरत राहत. आई खुणेनं मीठ मागे. वरणावर, पोळीवर, माझ्या केमिस्ट्रीच्या पुस्तकावर रुईचे तंतू बसत आणि आम्ही ते न बघता खात आणि वाचत असू. हंगाम संपला की काही दिवस मला शांततेनं झोप लागत नसे. इथे नागपूरच्या हॉस्टेलमध्ये मुली पंख्याचा आवाज होतो म्हणून तक्रार करतात, तेव्हा मला त्याच आवाजानं झोप लागलेली असते.

मी बारावीत गेले त्या वर्षी नवरात्रात दादासाहेबांचे काका वारले आणि घराण्याला दहा दिवसांचं सुतक लागलं. पंचाईत अशी की खंडेनवमीला यंत्रांची आणि हत्यारांची पूजा मांडायची, रात्रभर ती तशीच बसू द्यायची आणि दसऱ्याला उठवून हंगामाचा पहिला कापूस रेच्यात टाकायचा, अशी आमच्याकडची रीत. पूजेला दर वर्षी दादासाहेब स्वतः बसत. आता ते शेडमध्ये पाऊलही टाकू शकत नव्हते. त्यांनी दारासमोर चुन्याची रेघ ओढून घेतली आणि रेघेपलीकडून सगळ्यांना सांगितलं की यंदा पूजेला मिस्त्री बसतील. कापूस निवडणाऱ्यांतल्या सगळ्यांत जुन्या गिरजामावशीनं तेव्हा पदर सावरत, अगदी नम्रपणे एक शंका काढली.

‘पण दादासाहेब, आपन त एक फॅमिली होय नं? मंग सुतक आमालेबी लागलं असन.’

दादासाहेब म्हणाले, तसं नसतं, सुतक फक्त रक्ताच्या नात्याला असतं.

‘असं होय,’ गिरजामावशी म्हणाली. ‘म्हंजे फॅमिली पंधरा ऑगस्टपुरती. नाही, मालूम असलं पाह्यजे मानसाले.’

बाबा पूजेला बसले. बाबांविषयी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्यांच्या दृष्टीनं नट एकतर घट्ट असतो नाहीतर सैल. ‘बऱ्यापैकी घट्ट’ असा नट त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. आमच्या जिनिंगच्या गुरुजींची पद्धत अशी होती की पूजेच्या सुरुवातीला बसणाऱ्यानं मनातल्या मनात एक संकल्प धरायचा, कोणाला सांगायचा नाही, आणि पूजा उठवताना गुरुजी विचारणार, ‘संकल्प सिद्धीस गेला?’ की त्यानं म्हणायचं, ‘गेला.’ दादासाहेब दर वर्षी फोनवर हॅलो म्हणावं तसं ‘गेला’ म्हणत आणि घड्याळ बघत. बाबांना मात्र आजवर कोणी, तुला काय हवं, असं विचारलं नव्हतं. देवीचा फोटो, त्याच्यापुढे हळद-कुंकू लावलेले त्यांचे पाने, पेचकस, हातोड्या, आणि त्यांना विचारलं जात होतं. त्यांनी डोळे मिटून बराच वेळ घेतला. काय धरलं ते त्यांनी सांगितलं नाही, पण तिथे बसलेल्या तीस बायांना आणि मला ते लगेच कळलं. आदल्या हंगामात बायांनी तीनदा सुपरवायझरला सांगून पाहिलं होतं. त्यानं वर जाऊन ‘बायांची काही अडचण आहे’ एवढंच सांगितलं होतं, कारण दादासाहेबांसमोर तो शब्द काढायची त्याला लाज वाटली. बाबांनाही वाटली होती.

दसऱ्याला सकाळी गुरुजी आले. रस्त्यावर कापसाचे ट्रॅक्टर लागले होते, दादासाहेब रेघेबाहेर नवा सदरा घालून उभे होते. गुरुजींनी हातात अक्षता देऊन विचारलं, संकल्प सिद्धीस गेला? बाबांनी शेडच्या खिडकीतून आवाराच्या टोकाकडे पाहिलं, खात्री करून घेतली, आणि म्हणाले, ‘नाही गेला.’

मी शपथेवर सांगते, त्यांना संप करायचा नव्हता. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं, तेही हत्यारांसमोर. गुरुजींनी पुन्हा विचारलं. बाबांनी पुन्हा खिडकीतून पाहिलं. मग गुरुजींनी अक्षता परत घेतल्या आणि रेघेबाहेर जाऊन सांगितलं की संकल्प पुरा झाल्याशिवाय पूजा उठत नाही, आणि ज्यानं बसवली त्यानंच ती उठवायला हवी. बसलेल्या पूजेवर रेचा चालवला आणि त्याच हंगामात सगळी रुई पेटली, अशी एक गोष्ट जिनिंगवाल्यांमध्ये फिरत असते. कुठल्या गावची ते कोणालाच सांगता येत नाही, त्यामुळे ती खोटीही ठरवता येत नाही. दादासाहेबांनी ट्रॅक्टरांकडे पाहिलं, गोदामाकडे पाहिलं, आणि म्हणाले, उद्या पाहू.

दुसऱ्या दिवशी बाया नेहमीच्या वेळेला हजर झाल्या. मोबाइल गेटवर जमा केले, हजेरी लावली, शेडमध्ये गेल्या आणि आरती म्हणून रांगेत बसून राहिल्या. सुपरवायझरनं विचारलं की हे काय करून राहिल्या. गिरजामावशी म्हणाली, ‘कामावर आलो नं. तुमची पूजा उठली का आमी उठतो.’ त्याला यात चूक काढता येईना. पूजा म्हटली की नैवेद्य आला. सुतकामुळे तो दादासाहेबांच्या घरून येऊ शकत नव्हता, पण यंत्रं त्यांची म्हणून शिधा त्यांचाच हवा, असं गुरुजींनी सांगितलं. तेव्हा त्यांचा रवा, त्यांचं तूप आणि त्यांची साखर रोज सकाळी आमच्या खोलीत येऊ लागली आणि आई चाळीस माणसांचा शिरा करू लागली. आमच्या घरात इतकं तूप मी कधी पाहिलं नव्हतं. हंगामाची वेळ होऊनही फळीवरचे पेले थरथरत नव्हते, त्यामुळे बोलणं ऐकू येई, आणि मला प्रथमच कळलं की तुपात रवा भाजताना आई गुणगुणते. पाचव्या दिवशी बायांनी निरोप पाठवला की देवी शिऱ्याला कंटाळली असेल. आईनं सांबारवड्या, म्हणजे कोथिंबीर भरलेल्या वड्या, करायला घेतल्या. दादासाहेबांनी कोथिंबिरीची पोती पाठवली आणि रेघेबाहेरून विचारलं, वड्या कशा झाल्या. एका माणसाच्या खर्चानं त्याच्याच विरुद्ध चाललेला असा पोटभर संप मी नंतर कॉलेजच्या कुठल्याही पुस्तकात वाचला नाही.

दादासाहेबांनी तो संकल्प ओळखायचं मनावर घेतलं होतं. बाबा सांगत नव्हते, कारण सांगितला तर फळत नाही. म्हणून दादासाहेब अंदाजानं एकेक वस्तू देऊन पाहू लागले. आधी आमच्या खोलीला नवा पंखा आला. गुरुजी आले, विचारलं, गेला? बाबा म्हणाले, नाही. मग नागपूरहून पान्यांचा नवा सेट आला. बाबांनी तो हातात घेऊन एकदा फिरवून पाहिला, पण हत्यारं म्हटल्यावर गुरुजींनी त्यालाही हळद-कुंकू लावून पूजेत बसवलं. मग बाबांच्या नावाची व्हिजिटिंग कार्डं छापून आली, त्यावर ‘टेक्निकल हेड’. बाबांनी दोन आईला दाखवली आणि बाकीची चहाच्या डब्यात ठेवली. मग माझ्यासाठी लॅपटॉप देऊ केला. त्या दिवशी मी शेडच्या खांबाआड उभी होते आणि गुरुजींनी विचारलं तेव्हा बाबांनी, मला वाटतं, नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ घेतला. तरी ‘नाही’ म्हणाले. मला राग आला होता. आजही थोडा आहे.

मधे एक साहेब चौकशीला आले. पांढुर्णा नुकतंच जिल्हा झालं होतं आणि कुठलं टेबल कुठल्या गावात आहे हे टेबलांनाच माहीत नव्हतं. त्यामुळे हे साहेब नेमके कुठल्या खात्याचे ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी विचारलं, संप आहे का. बाया म्हणाल्या, नाही. टाळेबंदी आहे का. दादासाहेब म्हणाले, नाही, नाही. मग काम का बंद आहे? दोन्ही बाजूंनी एकदमच सांगितलं, पूजा आहे. साहेबांनी प्रसाद घेतला, बूट काढून नमस्कार केला, आणि कागदावर काहीतरी लिहून निघून गेले. त्या दिवशी मला प्रथम वाटलं की दादासाहेब आणि बाया एकाच फॅमिलीचे असू शकतात.

दहाव्या दिवशी सुतक फिटलं आणि दादासाहेब रेघ ओलांडून आत आले. ट्रॅक्टरवाले आता सौंसरच्या जिनिंगकडे वळू लागले होते. गुरुजींनी पोथी पाहून एक वाट काढली होती की बसलेल्याच्या घरातलं कोणीही त्याच्या वतीनं पूजा उठवू शकतं. आईला निरोप गेला. आईनं कळवलं की ती बाहेरची आहे, चार दिवस शिवता येणार नाही. कॅलेंडरच्या हिशोबानं तसं नव्हतं हे घरात आम्हा दोघींना माहीत होतं. राहिले मी.

दादासाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून खुर्चीवर बसवलं, चहा मागवला. मी चहा घेतला नाही, कारण चहानंतर काय लागतं ते मला माहीत होतं. ते खूप प्रेमानं बोलले. मिस्त्री साधा माणूस आहे, त्याचे कान कोणीतरी भरले आहेत, तू शिकलेली आहेस, असं बरंच. मग म्हणाले, ‘बेटा, एकच शब्द आहे. गेला म्हणायचं. तू तर पूर्ण स्पीच देतेस.’ मी खाली पाहत होते. ते उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. ‘ती खोली मी तुमचीच समजत आलो. ती दुसऱ्या कोणाची समजायची वेळ माझ्यावर आणू नका.’

मी घरी येऊन बाबांना सांगितलं. दहा दिवस हातात काम नसल्यामुळे ते घरातलं सगळं दुरुस्त करत सुटले होते, आणि हत्यारं पूजेत असल्यामुळे भाजी चिरायच्या सुरीनं. कुकरचं हँडल घट्ट करता करता त्यांनी ऐकून घेतलं. खोलीचं ऐकल्यावर सुरी थांबली. मला वाटलं आता ते सांगतील, हे बोल किंवा ते बोल, आणि माझी सुटका होईल. ते म्हणाले, ‘तुले जे खरं वाटन ते सांग. मले इचारू नको.’

मी ‘गेला’ म्हणायचं ठरवलं होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. बारावीचं वर्ष होतं, खोली गेली असती तर कुठे जाणार, आणि एका दारासाठी बाबांनी एवढं ताणावं हे मला पटत नव्हतं. रात्रीतून मी तो शब्द मनात इतके वेळा म्हटला की त्याचा अर्थच राहिला नाही. सकाळी आईनं मला आपली जरीची साडी नेसवली. निघायच्या आधी मला जायला लागलं. साडी नेसून त्या संडासात मी कधी गेले नव्हते. छत्रीला दोन हात लागतात, आणि साडीला कमीत कमी दोन. मी निऱ्या दातांत धरल्या. तेवढ्यात वारा आला, छत्री उलटी झाली, आणि समोर गेटाशी दादासाहेबांची गाडी येऊन उभी राहिली. काचा काळ्या होत्या, आतून कोणी पाहिलं की नाही मला माहीत नाही. मी तशीच बसून राहिले, जरीच्या साडीत, तोंडात निऱ्या, डोक्यावर उलटी छत्री. रडू यायला हवं होतं. मला हसू आलं, आणि हसले असते तर निऱ्या सुटल्या असत्या.

शेडमध्ये सगळे जमले होते. दादासाहेब, त्यांच्या पत्नी वहिनीसाहेब, सुपरवायझर, रांगेत बाया, खांबाशी बाबा. गुरुजी म्हणाले, मुहूर्त सव्वाबारापर्यंत आहे, त्यानंतर थेट दिवाळी. माझ्या हातात अक्षता दिल्या आणि विचारलं, ‘संकल्प सिद्धीस गेला?’

तोंडात अजून जरीची चव होती. मी म्हणाले, ‘नाही गेला.’

माझा आवाज इतका बारीक होता की गुरुजींनी परत विचारलं आणि मला परत म्हणावं लागलं. दादासाहेब बाबांवर ओरडले नाहीत, माझ्यावरही नाही. थकल्यासारखे पूजेसमोरच्या चटईवर बसले आणि म्हणाले, आहे तरी काय तो संकल्प, कोणीतरी सांगा. बाबा जमिनीकडे पाहत होते. बायांनी पदर तोंडाला लावले होते. वहिनीसाहेबांनी माझा हात धरून म्हटलं, सांग गं बाई, काय पाप लागेल ते मी घेते.

‘बायांच्या टॉयलेटचं दार,’ मी म्हणाले. देवीसमोर मला मराठी शब्द काढता आला नसता. इंग्लिश मीडियमचा तेवढा उपयोग झाला.

बराच वेळ दादासाहेबांना कशाचं दार तेच आठवेना. आठवलं तेव्हा त्यांचा चेहरा एकदम मालकाचा झाला. पंखा, पाने, लॅपटॉप देणारा माणूस म्हणाला, हे चालणार नाही, हा शिस्तीचा प्रश्न आहे, आज दार दिलं तर उद्या आणखी काही मागतील. गिरजामावशी म्हणाली, ‘काढाले दहा मिनिटं लागले होते, दादासाहेब. लावाले अकरा दिवस लागून राहिले.’ वहिनीसाहेबांनी तिला विचारलं, कुठे आहे ते. दोघी उठून आवाराच्या टोकाला गेल्या. परत आल्या तेव्हा वहिनीसाहेब नवऱ्याकडे न पाहता गुरुजींना म्हणाल्या, ‘किती वाजले?’ पावणेबारा वाजले होते. ‘दार लावा,’ त्या म्हणाल्या. दादासाहेबांनी तोंड उघडलं होतं. वहिनीसाहेबांनी बोट वर केलं आणि ते तोंड मिटलं.

जुन्या दाराची चौकशी झाली. सुपरवायझरनं सांगितलं की ते होळीत जळलं. सुतार गावाला गेला होता. अर्ध्या तासात दार आणायचं म्हणजे कुठलं तरी लागलेलंच काढायला हवं होतं, आणि मापाचं एकच निघालं, दादासाहेबांच्या केबिनचं. पेचकस सगळे पूजेत. बाबांनी आरतीच्या ताटातलं नाणं उचललं, बिजागऱ्यांना समईतलं तेल लावलं आणि नाण्यानं एकेक स्क्रू सोडवला. अकरा दिवसांनी त्यांच्या हातांना खरं काम मिळालं होतं. चार बायांनी ते सागवानी दार खांद्यावर घेतलं आणि आवारातून मिरवत नेलं. त्याच्यावरची पितळी पाटी काढायला वेळ नव्हता: दादासाहेबांचं पूर्ण नाव, आणि खाली, ‘परवानगीशिवाय आत येऊ नये.’ बारा वाजून दहा मिनिटांनी बाबांनी कडी लावून पाहिली, काढून पाहिली, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी धावत शेडमध्ये जाऊन ‘गेला’ म्हणाले.

उन्हाळ्यात आम्हाला खोली सोडावी लागली. बाबा आता सौंसरला संत्र्यांना मेण लावायच्या यंत्रावर आहेत, आणि तिथे आमच्या घराला स्वतःचा संडास आहे. पांढुर्ण्याला पुढच्या वर्षी दादासाहेब स्वतः पूजेला बसले आणि म्हणे गुरुजींचा प्रश्न पुरा व्हायच्या आतच ‘गेला’ म्हणाले. पण दार तिथेच आहे.

त्या दिवशी रेचे सुरू झाले, पहिला कापूस पडला, पेले पुन्हा थरथरू लागले. बाया कामाला बसल्या. थोड्या वेळानं गिरजामावशी उठली, आवाराच्या टोकाला गेली, आत शिरली आणि दार लावून घेतलं. पाच मिनिटं झाली. दहा झाली. सुपरवायझर घड्याळ बघत त्या दारापर्यंत गेला, पाटी वाचली, आणि परत आला. ती चांगली वीस मिनिटांनी बाहेर आली. मी कानाशी तोंड नेऊन, रेच्यांच्या आवाजात ओरडून विचारलं, पोट बिघडलं का.

‘नाही वं,’ ती म्हणाली. ‘मले लागलीच नव्हती. नुसती उभी होती, कडी लावून.’